ओबामांवरचं भाषण आणि सेल्माचे शिक्षक



वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आवडता नेता', 'जिद्द' किंवा 'अशक्य ते शक्य' असा विषय आला की बराक ओबामा हमखास हजेरी लावतात. भाषणाचा साचाही ठरलेला असतो. गरीब कृष्णवर्णीय मुलगा, वडील सोडून गेलेले, परिस्थिती बिकट, रात्रंदिवस अभ्यास, आणि एके दिवशी थेट व्हाईट हाऊस! मग टाळ्या. मुलं हे भाषण छान हातवारे करून म्हणतात, परीक्षकांनाही आवडतं, मोबाईलवर तयार मिळतं म्हणून पालकांचीही सोय होते. माझी या भाषणाबद्दल दोन म्हणणी आहेत. एक लहान, एक मोठं.

लहान म्हणणं असं की ते फारसं खरं नाही. ओबामांचे वडील केनियाचे, आई अमेरिकेतल्या कॅन्ससची गोरी, आणि ते लहान असतानाच वडील दूर गेले, इथपर्यंत बरोबर. पण त्यांना वाढवणारी आजी, मॅडलिन डनहॅम, हवाईतल्या एका बँकेत उपाध्यक्षपदापर्यंत पोचलेली बाई होती. मुलगा होनोलुलूच्या पुनाहू या नावाजलेल्या खासगी शाळेत शिकला, पुढे कोलंबिया आणि हार्वर्डला गेला. त्याच्या वाट्याला अडचणी आल्याच, वर्णामुळे आल्या, पण रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाच्या साच्यात त्यांना बसवायची काही गरज नाही.

मोठं म्हणणं असं की या भाषणात मतदारच नसतो. मुलगा शिकला, मोठा झाला आणि राष्ट्राध्यक्ष झाला. जणू स्कॉलरशिपच्या परीक्षेत पहिला आला! राष्ट्राध्यक्ष कुणी आपल्या हुशारीवर होत नाही. ४ नोव्हेंबर २००८ या दिवशी जवळपास ६ कोटी ९५ लाख माणसांनी ओबामांना मत दिलं म्हणून ते झाले. ही माणसं कोण होती, त्यांनी असं का ठरवलं, आणि त्यातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांना मत देण्याचा हक्क तरी होता का, हे आपण मुलांना सांगत नाही. ते सांगितलं नाही तर 'आशा' हा शब्द मुलांच्या डोक्यात एका मोठ्या माणसाशी जोडला जातो. कुणीतरी येईल आणि आपलं भलं करेल. लोकशाहीबद्दल याहून उलटी शिकवण दुसरी कुठली असेल?

म्हणून आज थोडं मागे जाऊया.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कुणालाही मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं तिने ठरवलं. (हा हक्क पुरुषांपुरता होता, बायकांना १९२० पर्यंत थांबावं लागलं.) गुलामीविरुद्धच्या त्या लढ्याची दखल आपल्याकडे लगेच घेतली गेली होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. पण त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्यांनी न्यायालयाच्या इमारतीवर हल्ला केला आणि कित्येक डझन कृष्णवर्णीय माणसं मारली. कागदावर हक्क मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

पुढे मारामारीपेक्षा सोपा उपाय सापडला. मिसिसिपी राज्याने १८९० मध्ये नवी राज्यघटना केली. तिच्यात वर्णाचं नाव कुठेही नव्हतं. मताचा कर भरा, आणि घटनेचं एखादं कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, एवढंच. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. इतर दक्षिणी राज्यांनी हाच कित्ता गिरवला. लुईझियानाने त्यात भर घातली: ज्याच्या बापाला किंवा आज्याला १८६७ च्या आधी मताचा हक्क होता, त्याला ही परीक्षा माफ. गुलामाच्या नातवाला अशी माफी कुठून मिळणार? त्या एका राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

हा आकडा मी दोनदा वाचला. एका पिढीतच माणसं यादीतून पुसली गेली, आणि ती पुसायला हत्यार कुठलं वापरलं, तर परीक्षा. आपल्या रोजच्या कामातलं साधन! आपण पेपर काढतो तो मुलाला काय येतं हे कळावं म्हणून. हा पेपर समोरचा नापास व्हावा म्हणूनच काढलेला होता. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर या शेतमजूर बाई ऑगस्ट १९६२ मध्ये नाव नोंदवायला इंडियानोला गावी गेल्या, तेव्हा त्यांना 'डी फॅक्टो' कायद्यांविषयीच्या कलमाचा अर्थ विचारला गेला. चांगल्या शिकलेल्या माणसालाही घाम फुटेल असा प्रश्न! त्या नापास झाल्या, आणि घरी आल्यावर मालकाने सांगितलं की अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं त्या मळ्यावर राबल्या होत्या. त्याच दिवशी त्यांनी मळा सोडला. चळवळीतले नेते जॉन लुईस तर सांगत असत की, साबणाच्या वडीत किती बुडबुडे असतात, असले प्रश्नही लोकांना विचारले जात.

ज्या परीक्षेने दार बंद केलं, त्या परीक्षेला तोंड द्यायला शिक्षकच पुढे आले. साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्स्टन शहरात सेप्टिमा क्लार्क नावाच्या शिक्षिका होत्या. चाळीस वर्षांची नोकरी झालेली. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा सभासद राहायचं नाही. बाईंनी सभासदत्व सोडलं नाही. नोकरी गेली, पेन्शनही गेली. पण १९५७ च्या जानेवारीत जवळच्या जॉन्स बेटावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी रात्रीचा वर्ग सुरू केला. पुढे सहकारी दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ही व्यवस्था.

या वर्गाची पहिली शिक्षिका कोण होती? बर्नीस रॉबिन्सन, व्यवसायाने केशकर्तन करणारी बाई! प्रशिक्षित शिक्षक मुद्दामच घेतला नाही, कारण तो प्रौढांना पोरांसारखं वागवेल अशी भीती होती. (डी.एड. करून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जरा मनावर घ्यावं.) बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी काही शिक्षिका नाही, तुमच्याबरोबर मीही शिकेन. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तिथून सुरुवात करून त्या राज्यघटनेच्या कलमापर्यंत गेल्या. असे वर्ग पुढे सगळ्या दक्षिणेत पसरले. ज्ञानरचनावादाच्या प्रशिक्षणात आपण जे तीन दिवस ऐकतो, ते या बाईंनी दुकानाच्या मागच्या खोलीत करून दाखवलं होतं.

आता सेल्मा. अलाबामा राज्यातलं हे लहानसं शहर. १९६५ च्या सुरुवातीला तिथल्या डलास काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारख्या विभागात, मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय लोक होते आणि नोंदणी झालेले जेमतेम तीन-साडेतीनशे. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोन सोमवारी उघडायचं. अर्जदाराला ओळखणारा आधीच नोंदलेला मतदार साक्षीला आणावा लागे. म्हणजे मुळात मतदारच नाहीत, तर साक्षीदार आणायचा कुठून?

सेल्मात विज्ञान शिकवणारे एक शिक्षक होते, फ्रेडरिक रीझ. ते पाद्रीही होते आणि तिथल्या मतदार संघटनेचे अध्यक्षही. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न घातला: मुलांना नागरिकशास्त्र शिकवता, पण तुम्ही स्वतः नागरिक आहात का? विचार करा, हे शिक्षक पदवीधर, काही तर एम.ए. झालेले, आणि 'साक्षरता परीक्षे'त नापास! सेल्मातला कृष्णवर्णीय मजूर गोऱ्या मालकावर अवलंबून होता, तसे शिक्षक गोऱ्या शाळामंडळावर. सहीच्या एका फटक्यात नोकरी गेली असती.

२२ जानेवारी १९६५, शुक्रवार. शाळा सुटल्यावर शंभराहून जास्त शिक्षक एकत्र आले आणि चालत न्यायालयाच्या इमारतीकडे निघाले. चांगले कपडे, बायकांच्या डोक्यावर हॅट, आणि अनेकांच्या हातात टूथब्रश. अटक झाली तर रात्र तुरुंगात काढायची तयारी आहे, हे दाखवायला! शेरीफ जिम क्लार्क आणि त्याचे शिपाई पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी शिक्षकांना दंडुक्यांनी खाली ढकललं. शिक्षक पुन्हा वर चढले. पुन्हा ढकललं. अटक मात्र झाली नाही. एवढे शिक्षक आत गेले असते तर सोमवारी शाळा कोण उघडणार? शिक्षक परत चर्चमध्ये आले, तेव्हा मुलांनी जल्लोष केला. आपले गुरुजी, आपल्या बाई, रोज फळ्यासमोर दिसणारी माणसं, आज शेरीफसमोर उभी राहून आली होती. मग शहरातले इतर व्यवसायही निघाले. अंत्यविधीचं काम करणाऱ्यांचा मोर्चा निघाला, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बायकांचा निघाला. शिक्षक निघाले, आता आपण घरी कसं बसायचं, हा त्यामागचा विचार.

त्यानंतरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर सुमारे सहाशे निःशस्त्र लोकांवर झालेला लाठीहल्ला, टीव्हीवर तो बघून हादरलेला देश, मार्टिन ल्यूथर किंग यांचा माँटगोमेरीपर्यंतचा मोर्चा, आणि ६ ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा. मिसिसिपीत कायद्याआधी कृष्णवर्णीयांपैकी शंभरात सात जणांचीही नोंदणी नव्हती. दोन-तीन वर्षांत ती साठाच्या आसपास गेली.

इथे एक तुलना मला टाळता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण बीएलओ आहेत. उन्हातान्हात घरोघर जायचं, फॉर्म नंबर ६ भरून घ्यायचा, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण पुण्याला कामाला गेलं याच्या नोंदी करायच्या. त्याबद्दल आपण कुरकुर करतो, आणि वर्गाचा वेळ जातो म्हणून ती कुरकुर रास्तही आहे. पण आपल्या देशाने पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मत दिलं आणि यादी करायचं काम सरकारवर टाकलं. अमेरिकेत आजही बहुतेक ठिकाणी नाव नोंदवणं ही मतदाराचीच जबाबदारी आहे. आपल्याकडे शिक्षक यादी घेऊन दारात येतो. सेल्मात शिक्षकालाच दारातून ढकललं जात होतं.

हक्क मिळाला, मग निवड आली. इथेच आपली समजूत फार ढोबळ असते. 'कृष्णवर्णीयांनी आपल्या माणसाला निवडून दिलं', एवढं म्हणून आपण मोकळे होतो. त्यांची संख्या लोकसंख्येत साधारण तेरा टक्के. तेवढ्यावर कुणी राष्ट्राध्यक्ष होत नाही, हा साधा हिशेब चौथीचं मूलही करेल. शिवाय कृष्णवर्णीय मतदार डोळे मिटून आपल्या वर्णाच्या उमेदवाराच्या मागे जातो, हेही खरं नाही. सेल्माचाच दाखला घ्या. १९६५ मध्ये तिथला महापौर जो स्मिदरमन हा गोरा आणि मोर्चांच्या विरोधातला होता. कायदा झाला, मतदार वाढले, आणि तरीही मधला थोडा काळ सोडला तर तोच माणूस २००० सालापर्यंत महापौर राहिला! त्याने वारा ओळखून आपली भाषा बदलली, वस्त्यांतली कामं केली, कृष्णवर्णीयांची काही मतं मिळवली. अखेर २००० साली जेम्स पर्किन्स हे तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

राष्ट्राध्यक्षपदाचंही तेच. १९७२ मध्ये शर्ली चिझम उभ्या राहिल्या. संसदेत निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय महिला, आणि राजकारणात येण्याआधी काय होत्या माहितीये? बालवाडीच्या शिक्षिका! बऱ्याच कृष्णवर्णीय पुरुष नेत्यांनीच त्यांना साथ दिली नाही. बाई जिंकणार नाही, मत कशाला वाया घालवा, हा विचार. मग १९८४ आणि १९८८ मध्ये जेसी जॅक्सन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला त्यांना सत्तर लाखांच्या जवळपास मतं मिळाली. तेही हरले, पण हरताना त्यांनी पक्षाकडून एक नियम बदलून घेतला: एखाद्या राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या उमेदवारालाही त्याच्या मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळाले पाहिजेत. वीस वर्षांनी ओबामा हिलरी क्लिंटन यांच्यापुढे टिकले, त्यात या नियमाचा मोठा वाटा होता. हरलेल्या माणसाने करून ठेवलेलं हे काम कुठल्याच भाषणात येत नाही.

२००७ मध्ये तर बरेच कृष्णवर्णीय मतदार क्लिंटन यांच्या बाजूचे होते. सेल्माच्या पुलावर डोकं फुटलेले जॉन लुईसही! कारण सरळ होतं. क्लिंटन कुटुंबाशी जुना स्नेह होता, आणि गोरे लोक ओबामांना मत देणार नाहीत असं त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने वाटत होतं. आपल्याला कोण आवडतं यापेक्षा दुसरा काय करेल याचा अंदाज घेऊन मत द्यायचं, ही सवय दडपलेल्या माणसाला लागते. त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ते शहाणपण होतं, फार महागात मिळालेलं.

हा अंदाज ३ जानेवारी २००८ ला चुकला. आयोवा राज्यात पक्षाच्या उमेदवारीची पहिली फेरी झाली. आयोवात शंभरातले नव्वदहून जास्त लोक गोरे, बहुतेक शेती आणि लहान गावं. कडाक्याच्या थंडीत लोक शाळांत, सभागृहांत जमले आणि ओबामांना ३८ टक्के देऊन त्यांनी पहिलं ठेवलं. क्लिंटन तिसऱ्या आल्या. पुढच्याच आठवड्यात न्यू हॅम्पशायरमध्ये त्या जिंकल्या, पण दक्षिणेत बातमी पोचली होती. २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात, सेप्टिमाबाईंच्या राज्यात, पाचातल्या जवळजवळ चार कृष्णवर्णीय मतदारांनी ओबामांना मत दिलं. फेब्रुवारीत लुईसनीही बाजू बदलली. मला तर वाटतं, ओबामांच्या सगळ्या भाषणांपेक्षा आयोवाच्या त्या रात्रीने जास्त आशा दिली. परक्या वर्णाच्या माणसांनी न सांगता हात पुढे केला, हे लोकांनी पाहिलं.

नोव्हेंबरच्या मतदानोत्तर चाचण्यांत ओबामांना कृष्णवर्णीयांची ९५ टक्के आणि गोऱ्यांची ४३ टक्के मतं दिसली. ४३ म्हणजे निम्म्याहून कमी, हे खरं. पण १९६४ नंतर त्यांच्या पक्षाच्या कुठल्याच उमेदवाराला गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत, आणि २००४ च्या जॉन केरी या गोऱ्या उमेदवारापेक्षा ओबामांना गोऱ्यांची मतं थोडी जास्तच मिळाली. एकाच आकड्यात दुरावाही आहे आणि जवळीकही. मुलांना आकडे शिकवताना असे आकडे द्यायला हवेत.

आता वाईट बातमी. ती टाळून आशेबद्दल लिहिणं मला पटत नाही. मतदाराने आशा दिली तशी परतही घेतली. २०१० मध्ये ओबामा मुंबईत आले, कुलाब्याच्या शाळेत मुलांबरोबर नाचले, त्याचे फोटो आपण कौतुकाने पाहिले. त्याच्या पाचच दिवस आधी त्यांच्या पक्षाने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ६३ जागा गमावल्या होत्या. घरकर्जाच्या संकटात असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं गेली, ती राष्ट्राध्यक्ष कृष्णवर्णीय आहे म्हणून परत आली नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्याचा कणाच काढून घेतला. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे, ती अट निरर्थक झाली. ज्या खटल्यात हे झालं तो अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा होता.

आणि आयोवा? त्या राज्याने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना निवडलं, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना. आयोवातल्या हॉवर्ड काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना वीस टक्क्यांहून जास्त आघाडी दिली होती आणि चारच वर्षांनी ट्रम्प यांना वीस टक्क्यांहून जास्त. माणसं बव्हंशी तीच! आता यांना वर्णद्वेष्टे म्हणायचं की उदारमतवादी? दोन्ही शब्द अपुरे पडतात. कारखाने, शेतमालाचा भाव, स्थलांतरितांबद्दलची भीती, राजधानीतल्या लोकांबद्दलचा राग, आणि वर्णही, असं सगळं एका मतात मिसळलेलं असतं. 'हे आधीपासूनच तसे होते' म्हणून त्यांची २००८ ची कृती खोटी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. आणि 'वर्णाचा काही संबंधच नाही' म्हणणं तर शुद्ध डोळेझाक.

आपणही यातून सुटलेलो नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हा तमिळनाडूतल्या त्यांच्या आजोळच्या गावी पूजा झाल्या, आणि आपल्या व्हॉट्सअप गटांवर 'आपली कमला' सुरू झालं. त्यांची धोरणं काय, हे किती जणांनी विचारलं? त्या हरल्या. काही कृष्णवर्णीय आणि लॅटिन पुरुष मतदार आधीपेक्षा जास्त संख्येने ट्रम्प यांच्याकडे गेले. मतदार आपल्या गृहीतकात बसला नाही की आपल्याला तो चुकला असं वाटतं. अजून एक उदाहरण तर घरातलंच. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये अमेरिकन संसदेवर निवडून आले, ते डेट्रॉईटच्या मतदारसंघातून. आपल्याला अभिमान वाटला, वाटणारच. पण पक्षाच्या उमेदवारीसाठी अनेक कृष्णवर्णीय उमेदवार होते, मतं फुटली, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला जवळपास सत्तर वर्षांत प्रथमच संसदेत आपल्या समाजाचा प्रतिनिधी उरला नाही. आपल्या बातमीत हा अर्धा भाग नव्हता. तिथल्या एखाद्या आजीला काय वाटलं असेल, हे तरी मनात यायला हवं.

तर पालकहो, पुढच्या वेळी मुलाला ओबामांवर भाषण हवं असेल तर जरूर द्या. फक्त त्यातली निम्मी मिनिटं ओबामांची ठेवा आणि निम्मी सेल्माच्या शिक्षकांची, नाहीतर सेप्टिमाबाईंची. त्यांना पेन्शन वीस वर्षांनी, १९७६ मध्ये मिळाली, आणि ज्या चार्ल्स्टनने त्यांना काढलं होतं तिथल्याच शाळामंडळावर त्या निवडून आल्या. टाळ्या याही गोष्टीला मिळतात.

आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात मॉनिटरची निवडणूक घेताना एकदा हा प्रयोग करून बघा. मतदानाआधी 'परीक्षा' ठेवा. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. चिठ्ठ्याच टाका, मुलांची नावं, आडनावं, रंग पाहून गट अजिबात करू नका. एका गटाला विचारा, तुझं नाव काय? पास, जा, मत टाक. दुसऱ्या गटाला विचारा, साबणाच्या वडीत बुडबुडे किती? नापास, जागेवर बस. दोन मिनिटांत वर्ग डोक्यावर घेतील. कुणी रडायला येईल, कुणी म्हणेल बाई हे चीटिंग आहे, आणि पास झालेल्या गटातलं एखादं मूल उठून म्हणेल की मग मीही मत देणार नाही. त्या मुलाकडे नीट लक्ष ठेवा. हे सगळं खोटं होतं, हे लगेच सांगा, सगळ्यांना मत द्यायला लावा, आणि घंटा व्हायच्या आधीच्या दहा मिनिटांत जानेवारी १९६५ ची गोष्ट सांगा. टूथब्रशसकट.